डिस्कची वाटणी

घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त करायला मी उठलो, की आमची ही आधी त्या वस्तूकडे बघते आणि मग माझ्याकडे. दोघांपैकी तिला वस्तूचीच जास्त काळजी वाटते, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तरीसुद्धा "आपल्या कॉम्प्युटरवर मी नवीन सिस्टिम टाकतो" असं मी जाहीर केलं, तेव्हा तिने त्या कॉम्प्युटरकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पाहिलेली आहे.

"बाहेरच्या कुणाला बोलावू या का?" ती म्हणाली.

वाक्य साधंच. पण 'बाहेरच्या' या शब्दावर तिने जो किंचित जोर दिला, तो वर्मी लागला. घरातल्या माणसाला जमणार नाही, हे इतक्या सभ्य भाषेत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाहेरचा कशाला? मी काय मेलोय?" आणि या बाणेदार प्रश्नाने पुढचं सगळं रामायण सुरू झालं.

मुळात घाईही होती. आमची ही शिवणकामात वाकबगार आहे. दोन वर्षं ती म्हणत होती, की घरबसल्या कॉम्प्युटरवरून शिवणाचा क्लास घ्यायचा. दोन वर्षं मी "हो हो, करू या" म्हणत होतो. शेवटी तिने मला न विचारता मैत्रिणींच्या ओळखीने सात बायका आणि एक गृहस्थ असे विद्यार्थी जमवले आणि येत्या सोमवारी सकाळी दहाचा मुहूर्त धरला. पण आमचा कॉम्प्युटर इतका मंद, की तो चालू करून आंघोळीला गेलं तर बाहेर येईपर्यंत कुठे तो डोळे किलकिले करायचा. धाकट्या भावाबरोबर तिने रंगीत तालीम घेतली, तेव्हा तिकडे हिचं तोंड उघडं आणि कात्री हवेत अशा अवस्थेत चित्र गोठून राहिलं. मेहुणा घाबरला. त्याला वाटलं, मी घरात काहीतरी बोललोय.

त्या संध्याकाळी ही स्वयंपाकघर आवरत होती. भांडी जोरात वाजवत नव्हती, उलट अगदी हळू ठेवत होती. हळू ठेवलेली भांडी जास्त वाईट. तिला हा क्लास किती हवा आहे, ते मला तेव्हा समजलं. म्हणून मी छाती पुढे काढली.

ऑफिसातल्या एकाने लिनक्स नावाची फुकट सिस्टिम पेनड्राइव्हवर घालून दिली होती. जुन्या मशीनवर ती वाऱ्यासारखी पळते म्हणाला. हिने स्वतःची सगळी डिझाइन्स आणि मापांचे तक्ते आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून तो गळ्यातल्या साखळीत अडकवला. माझ्यावरचा हा अविश्वास मी गिळला.

पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्याच पायरीवर घोडं अडलं. मशीन म्हणालं, पासवर्ड द्या. हा कॉम्प्युटर मी आमच्याच ऑफिसच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतला होता आणि त्याच्या पोटात ऑफिसचं कुलूप तसंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात गेलो. तिथला माणूस मला रोज 'काय साहेब' म्हणतो, माझ्या डब्यातलं खातो. पण पासवर्ड म्हटल्यावर तो खुर्चीत ताठ झाला. "तोंडी देता येत नाही. अर्ज द्या."

अर्ज दिला. आता आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक अर्ज आधी आवक शाखेत जातो, आणि आवक शाखा म्हणजे मी. जेवणाच्या सुट्टीनंतर माझाच अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तो नीट वाचला. अर्जदाराने मालकीचा पुरावा जोडला नव्हता. माणूस ओळखीचा होता, पण नियम म्हणजे नियम. मी शेरा मारला, 'पुरावा नाही, परत करावा.' अर्जदार या नात्याने मला त्या शाखेचा भयंकर संताप आला. मग मी लिलावाची पावती जोडून अर्ज पुन्हा दिला, पुन्हा स्वीकारला, आणि या वेळी 'शिफारस केली आहे' असं लिहिताना मला स्वतःबद्दल जरा पक्षपाताची शंकासुद्धा आली. शुक्रवारी उत्तर मिळालं. पासवर्ड म्हणून काही नव्हताच. नुसतं एंटर दाबायचं होतं.

तर शनिवारी सकाळी मी आंघोळ करून, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावर बऱ्याच गोष्टी आल्या. भाषा विचारली, घड्याळ विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात उत्तरं देत गेलो. एका ठिकाणी 'आपोआप' आणि 'स्वतः' असे दोन पर्याय होते. स्वाभिमानी माणूस दुसरं काय निवडणार? मी 'स्वतः' दाबलं.

त्यासरशी डिस्क समोर मोकळ्या प्लॉटसारखी उभी राहिली आणि म्हणाली, खोल्या पाडा. एक खोली 'बूट'. म्हणजे मशीन जागं झालं की पहिलं पाऊल तिथे टाकणार. दुसरी 'रूट'. तिथे सिस्टिमचा सगळा संसार. तिसरी 'होम', आपल्या सामानाची. इथपर्यंत ठीक. पण प्रत्येक खोलीपुढे एक प्रश्न होता, फाइलसिस्टिम कोणती? म्हणजे त्या खोलीत सामान कोणत्या पद्धतीने लावायचं. आणि खाली नावांची ही रांग. एक्स्ट-फोर, एक्सएफएस, बीटीआरएफएस, फॅट, आणखी काय काय. नावं कसली, औषधाच्या पाकिटामागचा मजकूर वाटत होता.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शाखेत कुणीही एकट्याने निर्णय घेत नाही. अभिप्राय मागवले जातात. ऑफिसातला पंखा कुठल्या भिंतीवर बसवायचा यावर चार विभागांचे अभिप्राय आले होते, आणि तो बसला तेव्हा थंडी पडली होती. इतक्या वर्षांची ही सवय. रांग समोर येताच माझा हात आपोआप अभिप्रायासाठी फोनकडे गेला.

मेहुणा कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तो दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणाला, "भावोजी, डोळे मिटून बीटीआरएफएस. काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं."

"अगदी कालच्या?"

"अगदी कालच्या."

मला तर परवाच्या स्थितीत जायचं होतं, म्हणजे मी बढाई मारण्यापूर्वीच्या. पण ते बोललो नाही.

वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड इंजिनिअर काका राहतात. जन्मभर त्यांनी पूल बांधले. अजूनही जिन्यावरून उतरताना कठडा हलवून बघतात. ते म्हणाले, "एक्सएफएस. भार किती येणार ते बघून पाया घालावा. उद्या तुमचा व्याप वाढला म्हणजे?" आमचा व्याप म्हणजे उशीचे अभ्रे आणि एप्रन, पण काकांच्या आवाजात असं काही गांभीर्य होतं, की मी मान डोलावली.

खाली कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. तिथल्या केमिस्टला सगळ्यातलं सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते तो दुप्पट खात्रीने सांगतो. गिऱ्हाइकाला सर्दीच्या गोळ्या देता देता तो म्हणाला, "एक्स्ट-फोर घ्या. जुनं आहे, अंगाला लागू पडतं, साइड इफेक्ट नाही. काकांचं ऐकू नका. त्यांनी परवा माझ्या दुकानाचं कपाट भिंतीला ठोकून दिलं, आता ते हलत नाही आणि मागे माझी चिल्लर पडलीये."

मी घरी आलो तो डोकं गरगरत. माझ्यामागोमाग काका आले, मी काय ठरवलं ते बघायला. दुपारी दुकान बंद करून केमिस्ट आला, काका आलेत हे त्याला कळलं म्हणून. मेहुणा फोनच्या स्पीकरवर होताच. ही शेजारच्या खोलीत सोमवारसाठी कापड इस्त्री करत होती. दाराशी येऊन तिने एकदा विचारलं, "मला सोमवारी दहाला माझं तोंड आणि माझी कात्री तेवढी दिसायला हवी. त्याला एवढी माणसं लागतात?"

"वहिनी, पाया आहे हा," काका म्हणाले.

"डोस चुकला तर महागात पडतं," केमिस्ट म्हणाला.

"ताई, तू जा, आम्ही बघतो," फोन म्हणाला.

ती गेली आणि चहा टाकला. चार कप टाकला, फोनलाही धरून. अशा वेळी माझ्या बायकोबद्दल मला फार माया वाटते.

आता माझी खरी पंचाईत सुरू झाली. मेहुणा म्हणजे सासरचा माणूस, त्याला नाही म्हणायची सोय नाही. काका वयाने मोठे आणि राहणार डोक्यावर. केमिस्टला दुखवावं, तर आमच्या घरातल्या सगळ्या दुखण्यांची माहिती त्याच्याकडे. कुणाचा अभिप्राय फेटाळायचा? आवक शाखेत अशा वेळी एक हमखास उपाय आहे, सगळ्यांचे अभिप्राय अंशतः मान्य करायचे. मला तो ऐन वेळी सुचला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मी डिस्कची वाटणी केली.

वडीलधारे म्हणून दर्शनी खोली, म्हणजे बूट, काकांना. तिथे एक्सएफएस. मधला वाडा, म्हणजे रूट, मेहुण्याला. तिथे बीटीआरएफएस. आणि मागची होमची खोली केमिस्टला, एक्स्ट-फोर. काका प्रसन्न झाले. मेहुणा "वा भावोजी" म्हणाला. केमिस्टला मागची बाजू मिळाल्याचं जरा लागलं, म्हणून मी त्याच्या खोलीची जागा दीडपट केली. ती कुठून काढली? मेहुण्याच्या रूटमधून. तो फोनवर होता, त्याला दिसत नव्हतं.

मशीनने एक पिवळी चौकट दाखवली. त्यात इंग्रजीत बरंच काही होतं. सार एवढंच, की बूटच्या खोलीत ही पद्धत चालणार नाही, पुन्हा विचार करा. मी ती वाचून दाखवली. काका दुखावल्या सुरात म्हणाले, "मशीन मला शिकवणार?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी 'तरीही पुढे जा' दाबलं. ऑफिसात अशा लाल-पिवळ्या सूचना रोज येतात. आपण त्याखाली 'पाहिले' असं लिहून सही करतो आणि जग चालू राहतं.

जग चालू राहिलं, कॉम्प्युटर राहिला नाही. सगळं उतरवून झाल्यावर त्याने स्वतःला बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली. सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. मी पुन्हा चालू केला. पुन्हा तीच ओळ. जुनी सिस्टिम मी स्वतःच्या हाताने पुसली होती, नवी दाराबाहेर उभी होती, आणि मध्ये माझी बायको इस्त्री करत होती.

मग सुरू झालं चौकशी सत्र. काका म्हणाले, माझा पाया मजबूत आहे, आतल्या बीटीआरएफएसच्या भिंती कच्च्या. मेहुणा म्हणाला, बूटला एक्सएफएस कोण लावतं, जागं होताना मशीनला तेवढी अक्कल नसते, त्याला एक साधी पद्धतच वाचता येते. "मग आधी का नाही बोललास?" मी ओरडलो. तो म्हणाला, "तुम्ही मला फक्त रूटचं विचारलंत, भावोजी." केमिस्ट म्हणाला, "सगळीकडे एक्स्ट-फोर घेतलं असतंत तर ही वेळ आली नसती. तीन डॉक्टरांची तीन औषधं एकदम घेतल्यावर पेशंट कसा उठेल?" यावर काकांनी कपाटाच्या चिल्लरीचा विषय स्वतःहून काढला, आणि दोघांची अशी जुंपली, की मी मधे पडलो तर दोघांनी मिळून मलाच बोल लावला. संध्याकाळी दोघे तावातावाने निघून गेले.

रविवारी काका आणि केमिस्ट परत आले, मेहुणाही पुन्हा स्पीकरवर आला. काका-केमिस्टचा एकमेकांशी अबोला, दोघे बोलायचे ते माझ्यामार्फत. पुन्हा वाटणी केली. या वेळी बूट केमिस्टला आणि होम काकांना. पिवळी चौकट पुन्हा आली. केमिस्ट म्हणाला, माझ्यामुळे नाही, आधीच्या एक्सएफएसचा अंश राहिला असेल. मी पुढे गेलो. काळा पडदा. तीच ओळ.

तेवढ्यात ही आत आली. हातात मोजपट्टी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळीही आधी वस्तू आणि मग मी, असाच क्रम होता, पण नजर दोन्हीकडे सारखीच होती.

"झालं?" ती म्हणाली.

मी मशीन पुन्हा चालू करून दाखवलं. तीच ओळ.

"उद्या दहाला आठ माणसं माझी वाट बघत बसतील," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण थरथरत होता. "दोन वर्षं मी हे करायचं म्हणतेय. कालपासून या घरात तुम्ही सगळे कुणाची खोली पुढे आणि कुणाची मागे याच्यावर भांडताय. माझी खोली कुठली यातली? माझं कुणी विचारलं?"

काका जमिनीकडे बघू लागले. केमिस्टने खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. माझा तर चेहरा असा पडला, की उचलायला माणूस लागला असता. खरंच, तीन जणांचा मान राखताना जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच मी विसरलो होतो. फार वाईट वाटलं मला.

"उठा," ती म्हणाली.

मी उठलो. ती खुर्चीत बसली. पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं. भाषा, घड्याळ, पुढे. मग तो पडदा आला आणि तिने चष्मा नाकावर खाली ओढला.

"हे 'आपोआप' म्हणजे काय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वहिनी, ते ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी असतं," केमिस्ट समजुतीच्या सुरात म्हणाला.

"मग ते आपल्यासाठीच आहे," ती म्हणाली, आणि दाबलं.

तिने उठून चहा टाकला. या वेळी फोनचा कप धरला नाही. चहा संपतो न संपतो तोच कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला आणि सरळ उठून उभा राहिला. निळा, स्वच्छ पडदा आणि मधोमध 'स्वागत'. तिने कॅमेरा सुरू केला. पडद्यावर तिचं तोंड आलं. तिने कात्री वर धरली. कात्री उघडली, मिटली, उघडली, कुठे म्हणून अडकली नाही. तेव्हा ती हसली, आणि मला इतका आनंद झाला, की मी काकांना मिठी मारली. त्यांनी माझा खांदा हलवून बघितला.

मशीनने आपोआप काय निवडलं, ते बघायची आम्हाला साहजिकच घाई झाली. बूटला फॅट घेतलं होतं, जे आम्हा चौघांपैकी कुणी कधी तोंडातून काढलं नव्हतं. रूटला एक्स्ट-फोर. वेगळं होम ठेवलंच नव्हतं.

"बघा!" केमिस्ट ओरडला. "माझंच औषध लागू पडलं!"

"पण बूट वेगळं बांधलंय," काका म्हणाले. "पाया वेगळा पाहिजे, हे मी कालच म्हटलं होतं."

"भावोजी, बूटला साधी पद्धत लागते, हे कुणी सांगितलं होतं?" फोन म्हणाला.

तिघेही आपापला विजय घेऊन घरी गेले. जाताना काका आणि केमिस्ट जिन्यात थांबून कपाटामागची चिल्लर कशी काढायची यावर बोलत होते. हरलेला असा त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरात गडबड नको म्हणून स्वयंपाकघरात दार लोटून बसलो आणि फटीतून ऐकत राहिलो. दहा वाजता एकेक चेहरा पडद्यावर आला. सुरुवातीला हिचा आवाज जरा बारीक झाला होता. मग तिने कापड हातात घेतलं, आणि तो बारीकपणा कुठल्या कुठे गेला. दोरा कुठे ओवायचा, कापडाची सुलट बाजू कशी ओळखायची, टीप तुटली तर न घाबरता कुठून उसवायला घ्यायची. ती सांगत होती आणि पलीकडची आठही माणसं वह्या विसरून बघत होती. इतक्या वर्षांत मी तिच्या हातचे कपडे घातले, पण तिला शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. माझा चहा तसाच गार झाला.

क्लास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुमचं चित्र किती स्वच्छ येतंय हो! आमच्याकडे सारखं अडकतं. तुमचा कॉम्प्युटर कुणी बसवून दिला?"

मी खुर्चीत अंग चोरून घेतलं. आता निघणार सगळं बाहेर. काळा पडदा, पिवळी चौकट, तीन खोल्या. सांगायचा तिला पूर्ण हक्क होता.

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली. "आठवडाभर खपत होते माझ्यासाठी."

खरं सांगतो, आवक शाखेत इतकी वर्षं काढली, पण माझ्या नावावर असा शेरा कुणी मारला नव्हता.

"अय्या, मग आमच्याकडे येतील का ते?" ती बाई म्हणाली. "आमचाही करून देतील?"

"विचारते ना," आमची ही म्हणाली, आणि दाराच्या फटीकडे न बघता आवाज जरा चढवला. "पण आत्ताच सांगून ठेवते, चहा भरपूर टाकावा लागतो. ते एकटे येत नाहीत."